विश्लेषण : श्वानांमधील आनुवंशिक यकृतविकार वेळीच का ओळखता येत नाही?

घरातला लॅब्राडॉर नेहमीसारखा खेळतो, जेवतो, फिरायला जातो. लसीकरणाच्या वेळी सहज केलेल्या रक्ततपासणीत मात्र यकृताचा एक आकडा वाढलेला दिसतो. महिनाभर औषध घेऊनही तो उतरत नाही. हा गोचीड ताप आहे, औषधाचा परिणाम आहे की जन्मापासून जनुकांत लपलेला विकार? उत्तर मिळायला उशीर झाला, तर उपचाराची वेळ निघून जाऊ शकते. श्वानांमधील आनुवंशिक यकृतविकारांचे निदान कसे होते, त्यातील अडचणी कोणत्या आणि जनुकीय चाचणी कितपत उपयोगी पडते, याविषयी...

यकृताचा आजार इतका उशिरा का कळतो?

यकृत हा सोशिक अवयव आहे. त्याचा बराच मोठा भाग निकामी झाला तरी उरलेल्या पेशी काम ओढून नेतात. त्यामुळे आत महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे दाह सुरू असतो आणि बाहेर काहीच दिसत नाही. सुरुवातीची लक्षणेही फसवी असतात. भूक थोडी मंदावते, अधूनमधून उलटी होते, वजन हळूहळू उतरते, पाणी पिणे आणि लघवी वाढते. ‘वय झाले’ किंवा ‘उन्हाळा आहे’ असे म्हणून घरचे त्याकडे दुर्लक्ष करतात. डोळे आणि हिरड्या पिवळ्या दिसू लागणे, पोटात पाणी साठणे, रक्त न गोठणे, भ्रमिष्टासारखे वागणे ही लक्षणे दिसतात तेव्हा यकृत आक्रसून कठीण झालेले असण्याची शक्यता मोठी असते. या टप्प्यावर निदान झाले तरी हातात फारसे काही उरत नाही. म्हणूनच या आजारांत लक्षणे दिसण्यापूर्वीचा काळ सर्वात मोलाचा मानला जातो.

आनुवंशिक यकृतविकार कोणते?

ढोबळमानाने त्यांचे दोन गट पडतात. पहिल्या गटात यकृताच्या पेशींच्या कामातच जन्मजात दोष असतो. त्यातील सर्वाधिक अभ्यासला गेलेला विकार म्हणजे यकृतात तांबे साठत जाणे. बेडलिंग्टन टेरियर, लॅब्राडॉर रिट्रीव्हर, डॉबरमन, डाल्मेशियन, वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर या जातींत तो आढळला आहे. दुसऱ्या गटात यकृताच्या रक्तवाहिन्यांची रचना चुकलेली असते. आतड्यांकडून येणारे रक्त यकृतात गाळले जाण्याऐवजी आडवाटेने थेट हृदयाकडे जाते. याला पशुवैद्यक ‘शंट’ म्हणतात. यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, केर्न टेरियर यांसारख्या छोट्या जातींत ही आडवाट बहुधा यकृताच्या बाहेर असते, तर आयरिश वुल्फहाउंडसारख्या मोठ्या जातींत ती यकृताच्या आत असते.

दोन्ही गटांत निदानाची वाट वेगळी आहे. शंट असलेले पिल्लू बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांतच आजारी दिसू लागते. तांब्याचा विकार मात्र गुपचूप वाढतो आणि अनेकदा मध्यम वयात समोर येतो.

तांबे यकृताला का बाधते?

तांबे शरीराला लागतेच. रक्त तयार होणे, ऊर्जानिर्मिती, मज्जातंतूंचे काम यासाठी ते अल्प प्रमाणात आवश्यक असते. अन्नातून आलेले तांबे आतड्यातून रक्तात आणि तिथून यकृतात जाते. गरजेपुरते ठेवून उरलेले तांबे यकृत पित्तात सोडते आणि ते विष्ठेवाटे बाहेर पडते. ही बाहेर टाकण्याची यंत्रणा बिघडली की तांबे पेशींत साचू लागते. अतिरिक्त तांबे पेशींमध्ये घातक रासायनिक क्रिया घडवते, पेशी मरतात, दाह होतो आणि त्या जागी व्रणासारखे तंतू तयार होतात. हीच प्रक्रिया पुढे सिरॉसिसपर्यंत जाते.

माणसांत ‘विल्सन’ या आजारात हेच घडते. त्याला कारणीभूत असलेले एटीपी७बी हे जनुक १९९३ मध्ये सापडले. मात्र माणसाच्या आणि श्वानाच्या आजारात एक महत्त्वाचा फरक आहे. विल्सनच्या रुग्णाचे निदान करताना रक्तातील सेरुलोप्लाझमिन या प्रथिनाची पातळी, लघवीतील तांबे, डोळ्याच्या बुबुळाभोवती दिसणारे तपकिरी कडे यांची मदत होते. श्वानांमध्ये यांपैकी कशावरही विसंबता येत नाही. श्वानाच्या रक्तातील तांबे मोजून यकृतात किती तांबे साठले आहे याचा अंदाज बांधता येत नाही. निदान अवघड होण्याचे हे मूळ कारण आहे.

बेडलिंग्टन टेरियरचा धडा काय?

उत्तर इंग्लंडमधील बेडलिंग्टन या खाणकामगारांच्या गावावरून नाव पडलेली, मेंढीच्या कोकरासारखी दिसणारी ही जात. १९७५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथील संशोधकांनी या जातीच्या श्वानांमध्ये यकृताचा दीर्घ दाह आणि तांब्याचे प्रचंड प्रमाण यांचा संबंध प्रथम मांडला. निरोगी श्वानाच्या यकृतात कोरड्या वजनाच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण ४०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबे असते. बाधित बेडलिंग्टनमध्ये हा आकडा काही हजारांवर, अगदी १० हजारांपर्यंतही गेलेला आढळला. काही श्वानांत साठलेले तांबे एकाएकी रक्तात उतरून लाल पेशी फुटतात आणि कालपर्यंत धडधाकट असलेला प्राणी एक-दोन दिवसांत दगावतो.

त्या काळी निदानाचा एकच मार्ग होता. पिल्लू साधारण वर्षाचे झाले की त्याच्या यकृताचा तुकडा काढून तांबे मोजायचे. यातून आजारी कोण ते कळे, पण ‘वाहक’ कोण हे कळत नसे. हा विकार अप्रभावी पद्धतीने वारशात येतो. म्हणजे आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच पिल्लू आजारी पडते. एकाकडूनच आले, तर ते स्वतः निरोगी राहते, पण दोष पुढच्या पिढीला देऊ शकते.

१९९७ मध्ये आजाराच्या जनुकाजवळचा एक जनुकीय खूण-बिंदू सापडला आणि त्यावर आधारित चाचणी आली. मात्र खूण म्हणजे जनुक नव्हे. एखाद्याचे घर शेजारच्या दुकानावरून ओळखावे आणि दुकानच हलावे, तसे इथे झाले. खूण ‘चांगली’ असूनही आजारी असलेले आणि खूण ‘वाईट’ असूनही निरोगी असलेले श्वान सापडू लागले. त्यावर विसंबून घेतलेले प्रजननाचे निर्णय काही वेळा चुकले.

२००२ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील संशोधकांनी प्रत्यक्ष दोष शोधला. आज कॉमडी१ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जनुकाचा एक तुकडाच बाधित श्वानांत गायब होता. तोवर या जनुकाचा तांब्याशी संबंध आहे हे कुणाला माहीतही नव्हते. एका कुत्र्याच्या जातीमुळे पेशींतील तांब्याच्या वाहतुकीचा नवा दुवा विज्ञानाला मिळाला. आता थेट या दोषाची चाचणी गालाच्या आतील नमुन्यावरून किंवा थोड्या रक्तावरून करता येते आणि वाहकही ओळखता येतात. तरीही हे शेवटचे उत्तर ठरले नाही. हा दोष नसूनही यकृतात तांबे साठलेले बेडलिंग्टन नंतर आढळले. म्हणजे या जातीतही आणखी जनुके यात गुंतलेली असावीत.

लॅब्राडॉरमध्ये गुंता अधिक का?

बेडलिंग्टन भारतात क्वचितच दिसतो. लॅब्राडॉर मात्र शहरोशहरी, गावोगावी आहे. त्यामुळे भारतातील पालकांच्या दृष्टीने हीच जात महत्त्वाची. लॅब्राडॉरमधील तांब्याच्या यकृतविकाराचे वर्णन प्रामुख्याने २००० नंतर झाले. तो बहुधा मध्यम वयात कळतो आणि माद्यांमध्ये अधिक आढळतो.

२०१६ मध्ये उट्रेख्टच्याच गटाने लॅब्राडॉरमधील दोन जनुकीय बदल प्रसिद्ध केले. त्यातील एक एटीपी७बी या, म्हणजे माणसातील विल्सन आजाराच्याच जनुकात आहे. यामुळे यकृतातील तांबे वाढते. दुसरा बदल एटीपी७ए या जनुकात आहे. माणसात या जनुकातील दोषामुळे मेंकेस नावाचा, तांब्याच्या कमतरतेचा आजार होतो. लॅब्राडॉरमध्ये मात्र या जनुकातील सौम्य बदल संरक्षक ठरतो, त्यामुळे यकृतात साठणारे तांबे कमी होते. एक बदल तांबे वाढवतो, दुसरा ते कमी करतो. एटीपी७ए हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. नरात एक्स एकच असल्याने संरक्षक बदलाची एक प्रतही पुरते, मादीत दोन एक्स असतात. माद्या अधिक का बाधित होतात, याचे काही अंशी उत्तर यात असू शकते.

‘काही अंशी’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. हे दोन बदल मिळून लॅब्राडॉरमधील आजाराचा काही भागच स्पष्ट करतात. धोक्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला श्वान आयुष्यभर ठणठणीत राहू शकतो आणि एकही प्रत नसलेला आजारी पडू शकतो. आहारात तांबे किती, जस्त किती, इतर जनुके कोणती यावर बरेच अवलंबून असते. त्यामुळे जनुकीय चाचणीचा अहवाल म्हणजे निदान नव्हे. तो धोक्याचा अंदाज आहे. अहवालात ‘दोन प्रती’ दिसल्या म्हणून औषधे सुरू करणे जितके चूक, तितकेच ‘एकही प्रत नाही’ म्हणून वाढलेल्या एएलटीकडे डोळेझाक करणेही चूक.

रक्ततपासणी काय सांगते, काय सांगत नाही?

यकृताच्या पेशींना इजा झाली की त्यातील एएलटी हे विकर रक्तात येते. दीर्घ यकृतदाहाची ही सर्वात लवकर मिळणारी खूण. मात्र एएलटी केवळ ‘पेशींना इजा होत आहे’ एवढेच सांगते. का होत आहे आणि यकृताचे काम किती उरले आहे, हे ती सांगत नाही. एएलपी हे दुसरे विकर तर आणखी बेभरवशाचे. वाढत्या वयाच्या पिल्लांत हाडांमुळे ते वाढते, स्टेरॉइड दिल्यावर वाढते, फेफऱ्यासाठी दिल्या जाणाऱ्या फेनोबार्बिटोनमुळेही वाढते.

भारतात आणखी एक गुंता आहे. गोचिडांमुळे होणारे एर्लिकिया आणि बबेसिया, पावसाळ्यात उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस, बुरशी लागलेल्या धान्यातील अफ्लाटॉक्सिन, लस न घेतलेल्या पिल्लांतील विषाणूजन्य हिपेटायटिस या सगळ्यांत यकृताचे आकडे वाढतात. त्यामुळे पशुवैद्यक प्रथम ही कारणे तपासतात आणि ते योग्यच असते. अडचण येते ती पुढे. गोचीड तापाचा उपचार होतो, श्वान बरा दिसतो आणि एएलटी पुन्हा तपासण्याचे राहून जाते.

अमेरिकेतील पशुवैद्यक तज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१९ मध्ये श्वानांच्या दीर्घ यकृतदाहाबाबत एकमताचे निवेदन प्रसिद्ध केले. त्यानुसार अन्य कारण सापडत नसताना एएलटी दोन महिन्यांहून अधिक काळ वाढलेली राहिली, तर पुढील तपास करायला हवा. म्हणजे एका अहवालापेक्षा अहवालांची मालिका महत्त्वाची. जुने कागद फेकून न देणे ही निदानातली सर्वात स्वस्त मदत.

अल्ब्युमिन, युरिया, साखर, कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याचा वेळ यांवरून यकृताच्या कामाचा अंदाज येतो. पण हे आकडे बिघडतात तोवर बराच उशीर झालेला असतो. लघवीची साधी तपासणीही कधी मोठा धागा देते. रक्तातील साखर योग्य असताना लघवीत साखर सापडली, तर मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा झाल्याचे कळते. तांब्याचा यकृतविकार असलेल्या काही लॅब्राडॉरमध्ये हे आढळले आहे. मधुमेह समजून अशा श्वानावर चुकीचे उपचार होऊ नयेत, यासाठी हे लक्षात ठेवावे लागते.

सोनोग्राफीत यकृताचा आकार, गाठी, पित्ताशय, पोटातील पाणी दिसते. पण सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणून यकृतदाह नाही असे म्हणता येत नाही. तांबे सोनोग्राफीत दिसत नाही.

मग बायोप्सीच का लागते?

कारण यकृतातील तांबे मोजण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग नाही. बारीक सुईने काढलेल्या पेशी मेदयुक्त यकृत किंवा काही कर्करोग ओळखायला पुरतात, यकृतदाहासाठी मात्र ऊतीची रचना पाहावी लागते. त्यासाठी तुकडा हवा. तो सोनोग्राफीच्या मदतीने जाड सुईने, दुर्बिणीतून किंवा पोट उघडून काढला जातो. दुर्बिणीची पद्धत तज्ज्ञ अधिक पसंत करतात, कारण यकृताचा पृष्ठभाग डोळ्यांनी दिसतो, पुरेसे मोठे तुकडे मिळतात आणि रक्तस्राव झाला तर तो तिथेच थांबवता येतो. तुकडे यकृताच्या एकाहून अधिक पाळ्यांतून घ्यावे लागतात. आजार सगळीकडे सारखा पसरलेला नसतो आणि एकाच जागेचा छोटा तुकडा दिशाभूल करू शकतो.

तुकडा प्रयोगशाळेत गेल्यावर तीन प्रश्नांची उत्तरे शोधली जातात. पहिला, दाह आणि तंतूंची वाढ किती? दुसरा, तांबे कुठे आहे? ऱ्होडानिन नावाच्या रंगद्रव्याने तांब्याचे कण तांबूस-नारिंगी दिसतात. ते यकृताच्या सूक्ष्म खंडाच्या मध्यभागातील शिरेभोवती साठलेले असतील, तर तांबे हे आजाराचे कारण असण्याची शक्यता अधिक. ते कडेला, पित्तनलिकांच्या बाजूला असतील, तर पित्त तुंबल्यामुळे तांबे मागाहून साठले असावे. म्हणजे तांबे आरोपी आहे की नुसता साक्षीदार, हे त्याच्या जागेवरून ठरते. तिसरा प्रश्न, तांबे नेमके किती? त्यासाठी तुकड्याचा वेगळा भाग यंत्राने मोजला जातो. आकडा १ हजाराच्या पुढे, कण मध्यभागी आणि सोबत दाह, असे तिन्ही जुळले की निदान पक्के होते. ४०० ते १ हजार या मधल्या पट्ट्यात मात्र तज्ज्ञाला सारासार विचार करूनच निर्णय घ्यावा लागतो.

इथेच व्यवहारातील मोठी चूक घडते. तुकडा काढला जातो, तो फॉर्मेलिनमध्ये नेहमीच्या तपासणीसाठी जातो आणि ‘दीर्घ यकृतदाह’ एवढाच अहवाल येतो. तांब्यासाठीचा रंग आणि मोजणी कुणी मागितलेलीच नसते. भूल दिली, जोखीम पत्करली, पैसे खर्च झाले आणि नेमका प्रश्न अनुत्तरित राहिला. त्यामुळे बायोप्सीपूर्वीच या दोन्ही तपासण्या होणार आहेत ना, हे विचारून घेणे गरजेचे.

बायोप्सीपूर्वी रक्त गोठण्याची क्षमता आणि बिंबिकांची संख्या पाहिली जाते. भारतात गोचीड तापामुळे बिंबिका कमी असण्याचे प्रमाण लक्षात घेता ही पायरी गाळून चालत नाही.

पिल्लातील ‘शंट’ कसा ओळखतात?

गर्भात असताना यकृताला वळसा घालणारी एक रक्तवाहिनी नैसर्गिकच असते. जन्मानंतर काही दिवसांत ती बंद होते. काही पिल्लांत ती उघडीच राहते, तर काहींत वेगळीच चुकीची वाहिनी तयार झालेली असते. आतड्यातील अमोनियासारखे विषारी घटक मग न गाळलेलेच मेंदूपर्यंत पोहोचतात.

असे पिल्लू भावंडांच्या तुलनेत खुरटे राहते. जेवणानंतर, विशेषतः मांसाहारानंतर, ते सुस्तावते, भिंतीला डोके लावून उभे राहते, गोल गोल फिरते किंवा त्याला झटके येतात. नसबंदीच्या वेळी दिलेल्या भुलीतून ते फार उशिरा शुद्धीवर येते. कमी वयात लघवीत अमोनियम युरेटचे खडे सापडणे हीही एक खूण. झटके आले म्हणून केवळ फेफऱ्याची औषधे सुरू झाली, तर यकृताचा विचार मागे पडतो.

यासाठीची मुख्य चाचणी सोपी आहे. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी रक्तातील पित्ताम्ले मोजायची. निरोगी यकृत ती झटपट टिपून घेते, शंटमध्ये ती रक्तात रेंगाळतात. सोबत अमोनिया तपासतात. त्यानंतर सोनोग्राफी किंवा रंगद्रव्य देऊन केलेल्या सीटी स्कॅनमधून आडवाट नेमकी कुठे आहे ते दिसते. अनेक श्वानांत शस्त्रक्रियेने ती हळूहळू बंद करता येते. युरोपात आयरिश वुल्फहाउंडची पिल्ले नव्या घरी देण्यापूर्वी ही रक्तचाचणी करण्याचा प्रघात आहे. माल्टीजमध्ये मात्र यकृत निरोगी असूनही पित्ताम्ले वाढलेली दिसू शकतात, त्यामुळे आकड्याचा अर्थ जात पाहूनच लावावा लागतो. छोट्या जातींतील शंटसाठी विश्वासार्ह जनुकीय चाचणी अद्याप नाही. त्याचा वारसा एका जनुकाइतका सरळ नसावा, असे मानले जाते.

पुण्यातील संशोधनाशी याचे काय नाते?

जनुके आणि आहार एकत्र आले की काय होते, याचा एक मोठा धडा महाराष्ट्राने माणसांच्या बाबतीत अनुभवला आहे. एकेकाळी भारतात एक ते तीन वर्षांच्या मुलांना यकृताचा जीवघेणा आजार होत असे. ‘इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस’ या नावाने तो वैद्यकीय ग्रंथांत नोंदला गेला. या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण प्रचंड असे. पुण्यातील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह १९८० च्या दशकात यावर काम केले. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेले आणि साठवलेले दूध लहान वयात दिल्याने बाळाच्या पोटात जादा तांबे जाते, हा दुवा त्यांनी मांडला. घराघरात स्टीलची भांडी आली, दुधाबाबत जागृती झाली आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला. तशी भांडी वापरणाऱ्या सर्वच घरांतील मुले आजारी पडत नव्हती, त्यामुळे काही मुलांत मुळातच तांबे सोसण्याची क्षमता कमी असावी, असेही मानले गेले.

श्वानांबाबतची आजची चर्चा याच वळणावर आहे. अमेरिकेतील काही पशुवैद्यक तज्ज्ञांनी २०२१ मध्ये तयार श्वानखाद्यातील तांब्याच्या निकषांचा फेरविचार करावा, अशी जाहीर मागणी केली. १९९० च्या दशकात खाद्यात सहज न शोषल्या जाणाऱ्या कॉपर ऑक्साइडऐवजी सहज शोषली जाणारी संयुगे वापरण्याची शिफारस झाली. त्यानंतर विविध जातींच्या श्वानांच्या यकृतातील तांबे वाढले, असा त्यांचा दावा. अमेरिकी निकषांत तांब्याची किमान मात्रा ठरलेली आहे, कमाल मर्यादा नाही. युरोपात कमाल मर्यादा आहे. निकष ठरवणाऱ्या अमेरिकी संघटनेने पुरावा अपुरा असल्याचे सांगून मर्यादा घालणे टाळले. वाद अजून संपलेला नाही.

निदानानंतर काय करता येते?

वेळेत निदान झाले, तर तांब्याचा विकार हा श्वानांच्या यकृतविकारांपैकी उपचाराला चांगला प्रतिसाद देणारा आजार आहे. पेनिसिलामाइन हे औषध तांब्याला बांधून लघवीवाटे बाहेर काढते. पुण्यातील त्या मुलांवरही याच औषधाचा वापर झाला होता. श्वानांत ते महिनोन्महिने द्यावे लागते, मळमळ आणि उलट्या होऊ शकतात आणि अति काळ दिले तर तांब्याची कमतरता निर्माण होते. म्हणून ते पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. जस्त आतड्यातून तांब्याचे शोषण कमी करते, मात्र पेनिसिलामाइनच्या जोडीने ते एकाच वेळी देत नाहीत.

आहारात सर्वात आधी बंद करायची गोष्ट म्हणजे कलेजी. शक्ती यावी म्हणून अनेक घरांत श्वानाला मटणाची कलेजी आवर्जून दिली जाते. यकृत हे तांब्याचे कोठार असल्याने तांब्याचा विकार असलेल्या श्वानाला ती घातक. खेकडे, कोळंबी यांसारखे कवचधारी जलचरही टाळावे लागतात. पाण्यासाठी तांब्याचे भांडे नको. प्रथिने मात्र सरसकट बंद करायची नसतात. ती कमी करण्याची गरज मेंदूवर परिणाम झालेल्या रुग्णांतच पडते. ‘लिव्हर टॉनिक’ने आकडे काही काळ उतरतात, पण तांबे बाहेर पडत नाही. आकडा उतरल्याच्या समाधानात निदान लांबते, हा त्यातला खरा धोका.

पिल्लांच्या पैदाशीचे काय?

निदानाचा परिणाम एका श्वानापुरता थांबत नाही. त्याचे आई-वडील, भावंडे आणि पिल्ले यांच्यातही तो दोष असू शकतो. अप्रभावी विकारात दोन वाहकांची जोडी लावली, तर सरासरी चारपैकी एक पिल्लू आजारी, दोन वाहक आणि एक दोषमुक्त निघते. वाहकाची जोडी दोषमुक्ताशी लावली, तर एकही पिल्लू आजारी होत नाही. त्यामुळे सर्व वाहक प्रजननातून बाद करण्याची गरज नसते. तसे केले तर आधीच लहान असलेल्या जातीचा जनुकसाठा आणखी आटतो आणि दुसरेच विकार डोके वर काढतात. वाहकांची जोडी दोषमुक्तांशी लावत, पुढच्या पिढीतील दोषमुक्त पिल्ले निवडत जाणे हा संथ, पण शहाणपणाचा मार्ग. लॅब्राडॉरसारख्या अनेक जनुकांच्या विकारात हे गणित इतके सरळ नाही. तिथे आई-वडिलांच्या एएलटीची नोंद आणि कुटुंबातील आजारांचा इतिहासही हवा.

भारतात २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात अनेक पिल्ले ओळखीतून, समाजमाध्यमांतून, कागदपत्रांशिवाय विकली जातात. वंशावळच नसेल, तर आनुवंशिक आजाराचा माग काढणार कसा, हा प्रश्न उरतोच.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?

लॅब्राडॉर, डॉबरमन यांसारख्या धोक्याच्या जातींत तीन-चार वर्षांच्या वयापासून दरवर्षी एएलटीसह रक्ततपासणी करून घ्यावी आणि अहवाल जपून ठेवावेत. आकडा वाढलेला आढळला तर कारणावर उपचार झाल्यानंतर तो पुन्हा तपासावा. दोन महिन्यांनंतरही तो वाढलेलाच असेल तर बायोप्सीचा विषय पशुवैद्यकाकडे काढावा. आधी सुरू असलेली सर्व औषधे, आयुर्वेदिक पूरकांसह, सांगावीत. पिल्लू घेताना आई-वडिलांचे अहवाल मागावेत. आपल्या श्वानाचे निदान झाले, तर ते ब्रीडरला आणि त्याच वेताची पिल्ले घेतलेल्या इतर घरांना कळवावे. त्यांच्याकडचा श्वान आज धडधाकट दिसत असेल, तर या आजारात उपचारासाठी तोच सर्वात योग्य काळ असतो.